आंबील कोणी केली

आईनं फोनवर सरळच विचारलं, "सारं खरं, पन करनारं बाईमानूस कोन हाय तुह्या घरी?"

मी गॅससमोर उभा होतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलथनं आणि तव्यावर पोरीच्या डब्याचा पराठा. म्हणजे ज्या कामाला बाईमाणूस पाहिजे असं ती म्हणत होती, तेच काम मी त्या घडीला करत होतो. हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती, नाहीतर तिला वाईट वाटलं असतं, आणि या दोघांतलं मला काय चाललं असतं ते माझं मलाच कळेना. तेवढ्यात पराठा करपला. मी "पाहतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

गोष्ट महालक्ष्म्यांची होती. बाकी महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. भादव्यात येतात, तीन दिवस राहतात, मधल्या दिवशी पुरणाचं जेवण होतं. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या आजवर गावी, रोहण्याला, आईकडेच बसत आल्या. बाबा गेले, शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं, तरी तिनं त्या सोडल्या नाहीत. पण औंदा तिचे गुडघे पार गेले होते. खाली बसली की उठवायला माणूस लागे. मोठा भाऊ रायपूरला. वहिनीनं तिथूनच हात जोडले. उरलो मी, इथं बोरगाव मेघेत. आईचं म्हणणं होतं की तुझ्याकडे जमत नसेल तर मुखवटे गावातल्या देवळात नेऊन ठेवते, विषय संपला.

मला ते मुखवटे पाहिजे होते. मी काही मोठा देवभोळा नाही. उपास धरला की दुपारीच सुटतो. पण जिथं महालक्ष्म्या बसतात ते खरं घर, असं आमच्याकडे धरतात. आणि माझं घर आईच्या लेखी घर आहे की नाही, हे मला एकदाचं कळायला पाहिजे होतं.

कारण माझं घर मी चालवतो. बायको सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे. कधी सकाळची ड्यूटी, कधी दुपारची, कधी रात्रपाळी. मी एका कृषी केंद्रात बियाणं आणि खतं विकायचो. पोरगी झाली तेव्हा कोणीतरी घरी थांबणं भाग होतं, आणि माझी नोकरी अशी होती की ती सुटली म्हणून कोणी रडलं नसतं. थोडे दिवस थांब, असं दोघांच्या बोलण्यात ठरलं. पोरगी आता तिसरीत आहे आणि ते थोडे दिवस अजून चालूच आहेत.

गल्लीतले लोक वाईट बोलत असते तर भांडता तरी आलं असतं. ते चांगलं बोलतात, हाच तर वैताग. "भाऊ किती मदत करते बाप्पा वहिनीले!" मदत? अरे, कोणाची मदत? दळण मी आणतो, पाणी कधी येणार ते मला ठाऊक, पोरीला कोणत्या दिवशी कोणता गणवेश ते मला ठाऊक. मदत करत असेल तर ती करते, सुट्टीच्या दिवशी. असं सगळं मनात येतं आणि तोंडावर मी नुसता हसतो. त्यांनी कौतुक केलं की मला लाज वाटते, आणि नाही केलं की राग येतो. आता यातलं खरं कोणतं धरायचं ते कोणी मला सांगावं.

संध्याकाळी मीच आईला फोन लावला आणि सांगितलं की स्वयंपाक मी करतो. मी वकिली सुरू केली. लग्नात आचारी काय बाई असतो का, माणूसच असतो, आणि त्याच्या हातचं सगळ्या गावाला चालतं, मग माझ्या हातचं महालक्ष्मीला का चालू नये?

आई म्हणाली, "आचाऱ्याचा तं धंदा हाय तो. तुह्यं काय हाय?"

धंदा म्हणावं तर नाही, हौस म्हणावं तर तीही नाही. मग तिनं सूनबाईला फोन द्यायला सांगितला. बायको नुकतीच ड्यूटीवरून आली होती, एक चप्पल पायातच होती. ती एवढंच म्हणाली, "हो आई, करू आम्ही." आणि आई लगेच कबूल झाली. जिला एका दिवसाच्या वर सुट्टी मिळणार नव्हती आणि जिला चण्याची डाळ किती भिजवायची हे माहीत नव्हतं, तिच्या एका शब्दावर महालक्ष्म्यांचं येणं नक्की झालं. मला आनंदही झाला आणि असं वाटलं की कोणीतरी माझ्या नाकासमोरून ताट उचलून नेलं.

मग मी कामाला लागलो, आणि लागलो म्हणजे वेड लागल्यासारखा. स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, घासले, उन्हात वाळवले आणि नव्यानं भरले. कोणतं धान्य कुठं, पीठ कुठं, डाळी कुठं, सगळी मांडणी बदलली. फुलोऱ्याचं तळण केलं. फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचे तळलेले दागिने, त्यात कणकेची वेणी असते, फणी असते, करंज्या असतात. पोरगी म्हणाली, पप्पा, तुमची फणी दात पडलेल्या आजोबासारखी दिसते. तिचं खरं होतं, पण मी ती तशीच तळली. साड्या मात्र बायकोनं नेसवल्या. दुपारभर ती त्या पत्र्याच्या उभ्या साच्यांपुढं बसली होती, तोंडात टाचण्या, आणि एकेक निरी अशी बसवत होती की मी पाहतच राहिलो. मी नुसता टाचण्या धरायला होतो. मला वाटलं, पाहा, जमतं आहे आमचं.

आई आर्वीच्या गाडीनं आली. मुखवटे जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तरी ठेवले नव्हते. घरी आल्यावर तिनं खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली आणि तिथंच बसली. मी पुरणाची डाळ निवडत होतो, ज्वारी ओलवत होतो, खोबरं किसत होतो. ती पाहत होती. चांगलं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. एकदा उठून तिनं मिठाचं भांडं गॅसपासून लांब सरकवलं, तेवढंच. त्यातून काय समजायचं ते मी रात्रीपर्यंत ठरवत बसलो.

महालक्ष्म्या घरात आणायच्या म्हणजे सवाष्णींनी मुखवटे हातात घेऊन उंबऱ्यातून आत यायचं, कुंकवाच्या पावलांवरून चालत घर दाखवायचं. एक मुखवटा बायकोकडे होता, दुसरा शेजारच्या काकूंकडे. पोरगी ताट वाजवत होती, मी घंटी. आई खुर्चीवरून विचारत होती की महालक्ष्मी आली, कशाच्या पावली आली, आणि बायको उत्तरं देत होती. काठाची साडी, केसांत गजरा. ती इतकी छान दिसत होती की घंटी वाजवायचं माझं राहून जात होतं.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. स्वयंपाकघरात आलं की मुखवटा हातात असलेल्या बाईनं घरातलं धान्य उघडून दाखवायचं. गहू, ज्वारी, तांदूळ, तूर, चणा. प्रत्येकातलं चिमूटभर महालक्ष्मीपुढं टाकायचं. आई म्हणाली, "दाखव माय तिले, काय काय हाय घरात."

बायकोनं जिथं आजवर गहू असायचा तो डबा उघडला. त्यात पोहे निघाले. दुसरा उघडला, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या. तिसरा उघडून तिनं महालक्ष्मीच्या तोंडापुढं धरला, आणि ती भांडी घासायची पावडर होती.

पोरगी ताट वाजवायचं थांबली आणि म्हणाली, "मम्मी, महालक्ष्मी भांडे घासते का?"

काकू हसल्या. मीही हसलो असेन, मला आठवत नाही. मला आठवतं ते बायकोचं तोंड. आपल्याच घरात, आपल्याच ओट्यापुढं, पुढचा डबा कोणता उघडावा हे न कळून ती उभी होती. मी दारातून सांगत गेलो, खालच्या फळीवर, मागच्या रांगेत, डावीकडचा. ती माझ्या सांगण्याप्रमाणे एकेक डबा काढत गेली. आई आधी तिच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहायला लागली, आणि तिनं शेवटपर्यंत नजर काढली नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. पाहा म्हणावं, करणारं माणूस कोण आहे ते पाहा. आणि त्याच वेळी बायकोसाठी वाईटही वाटत होतं. एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही कसं होतं कोण जाणे.

काकू गेल्यावर बायको गजरा काढत म्हणाली की डबे बदलले तर एकदा सांगायला काय होत होतं. मी म्हणालो, तू कधी विचारलं? ती म्हणाली, मी दवाखान्यातून येते, फिरून येत नाही. मी म्हणालो, मी तरी घरी काय झोपलेला असतो? दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण पुढं जाईना. ती पोरीजवळ जाऊन आडवी झाली आणि मी आंबिलीची ज्वारी ताकात भिजवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणं. बायकोनं सुट्टी घेतली होती. मी पहाटे लागलो तो दुपारपर्यंत ओट्यासमोरून हललो नाही. पुरणाच्या पोळ्या, कढी, वडे, भजी, मिसळलेल्या भाज्या, आंबील. बायको वाढत होती. बाहेर आई खुर्चीवर बसून आल्या-गेल्याला सांगत होती, आणि तिचा आवाज मला आत स्वच्छ ऐकू येत होता. "सुनेनं केलं सारं. ड्यूटी पाहून केलं बाप्पा, लयी मेहनती पोरगी हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कालचं झाकायला बोलते आहे, सुनेची लाज राखते आहे. हे चांगलंच होतं. पण तेच वाक्य ती प्रत्येकाला सांगायला लागली तेव्हा माझ्या हातातली पोळी फाटली. सुनेची लाज राखते आहे की पोराची लपवते आहे? मी लाटणं आपटलं. तेवढं बाहेर कोणालाच ऐकू गेलं नाही.

बायकांची पंगत बसली. मी पोळ्यांवर तूप घालायला बाहेर आलो होतो. शेजारच्या काकूंनी आंबिलीची वाटी परत मागितली, बोटानं पुसून खाल्ली आणि बायकोला विचारलं, "आमची अशी कधीच नाई होत व. कशी केली तू?"

बायको पळी हातात घेऊन उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्या पंगतीनं तिच्याकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, पुन्हा कालचाच डबा उघडला. हिला एक शब्द सांगता येणार नाही आणि या सगळ्या बायकांपुढं हिचं हसं होईल. मी घाईघाईनं बोललो.

"ज्वारी ओलवते ही आधी," मी म्हणालो, "मग मिक्सरमधून जाडसर काढते, आंबट ताकात रात्रभर ठेवते, अन सकाळी मंद आचेवर हलवत राह्यते. जिरं शेवटी."

काकूंनी मान डोलावली. म्हणाल्या, "पाहा, नवऱ्याले बी पाठ झालं." सगळ्या हसल्या. बायकोनं पळी भांड्यात ठेवली आणि आत निघून गेली. मला वाटलं, मी तिला वाचवलं. मी उरलेलं तूप वाढलं.

सगळे गेल्यावर भांड्यांचा ढीग पडला होता. आम्ही दोघं अंगणात घासायला बसलो. ती परात घासत राहिली. मग म्हणाली, "काल मी अडाणी दिसली. आज चोर दिसली. त्यापेक्षा कालचं बरं होतं."

मी म्हणालो, तू माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं सांभाळून घे म्हणते आहेस.

"मी यासाठी पाहिलं का तुम्ही सांगाल, तुम्ही केली म्हणून. मी मधात येणार नव्हती."

म्हणजे ती मला जागा करून देत होती आणि मी आंबील तिच्याच गळ्यात घातली. पण मला कसं कळणार? नजरेवर काही लिहिलेलं असतं का? मला तिचा राग आला, आईचा आला, काकूंचा आला, आणि त्या आंबिलीचाही आला. ती हात धुऊन उठली आणि पोरीला घेऊन आत गेली. उरलेली भांडी मी घासली. ते काही नवीन नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बायको ड्यूटीवर गेली. महालक्ष्म्यांना दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली आणि आईनं मुखवटे उतरवले. मी उगाच आसपास घुटमळत होतो. मुखवटे तिनं लुगड्यात गुंडाळले. तिची पिशवी बाजूलाच उघडी होती. तिनं ते गाठोडं माझ्या हातात दिलं आणि वर कपाटाकडे हात केला. "राहू दे इथंच," म्हणाली. बस्स, एवढंच.

मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. रोहण्याच्या महालक्ष्म्या आता माझ्या घरच्या झाल्या होत्या. खुर्चीवर चढून मी गाठोडं कपाटावर ठेवलं आणि तिथंच उभा राहिलो. आनंद कुठं आहे म्हणून आत शोधलं तर हाती काही लागेना. मुखवटे तिनं कोणासाठी ठेवले होते? सुनेसाठी की माझ्यासाठी? विचारायची हिंमत झाली नाही.

ती हिंमत झाली स्टँडवर, आर्वीच्या गाडीत तिला बसवून दिल्यावर. तिला खिडकीची जागा मिळाली होती, गाडीत अजून गर्दी नव्हती. मी बाजूच्या सीटवर टेकलो आणि बोलून मोकळा झालो. म्हटलं, आई, तुझ्या डोळ्यांसमोर सगळं मी केलं, मग साऱ्या लोकांना सुनेनं केलं म्हणून का सांगितलं? मला वाईट वाटलं.

तिला मुळीच नवल वाटलं नाही. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मंग काय सांगू? पोरानं केलं म्हनलं असतं तं लोकं तुले काई म्हनत नाई. तिले म्हनतात. बाईले म्हनतात. मी सासू हाय, मले सांगाच लागते."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मान हलवली. मला वाटलं, संपलं बोलणं. मी उठायला लागलो तर तिनं माझा हात धरला.

"पन तू काऊन सांगतलं?"

"काय?"

"आंबील तिनं केली म्हून. त्या बाईनं इचारलं तं तू काऊन तिचं नाव सांगतलं?"

मी म्हणालो, तूच तर दिवसभर तेच सांगत होतीस.

"मी सांगन. माह्यं सोड." ती खिडकीबाहेर पाहत होती. "मी साऱ्या जिंदगीत आंबील केली. मले कोनी इचारलं नाई का कशी केली म्हून. तुह्ये बाबा खाये अन उठून जाये. औंदा पयल्यांदा कोनी इचारलं. करनारा तिथं उभा होता, अन त्यानं नाव दुसऱ्याचं सांगतलं. मले कसंसंच झालं."

ड्रायव्हर चढला. कंडक्टर मागून, ज्यांना उतरायचं त्यांनी उतरा म्हणत पुढं आला. आईनं हात सोडला.

"तू बी कुठं इचारलं मले," ती म्हणाली. "मोबाईलमंदी पाहूनच केली ना?"

मी खाली उतरलो आणि गाडी निघाली. मी मोबाईलमध्ये पाहूनच केली होती. कोण्या अनोळखी बाईचा व्हिडिओ होता, तो मी थांबवून थांबवून पाहिला होता. आई तेव्हा दोन हातांवर, दारातल्या खुर्चीतच बसलेली होती.